सांध्याच्या बोटभर अलीकडे

कोणतंही कापड हातात आलं की ती आधी त्याची घडी घालायची, घडीवरून अंगठ्याचं नख दाबून ओढायची, मग उलगडून उजेडाकडे धरायची आणि म्हणायची, "ऊन लागू दे, मग बोलू."

हे कापडापुरतंच नव्हतं. नवा सरपंच झाला, गावाने फटाके वाजवले, तेव्हाही तेच. शेजारी नवा जावई आला, बायका त्याच्या गोड बोलण्याचं कौतुक करत होत्या, तेव्हा ही दारातूनच म्हणाली, ऊन लागू दे. जावई बिचारा सावलीत सरकला.

काशीदला कधी आला असाल तर तुम्ही तिला पाहिलं असेल. रस्त्याकडेच्या पत्र्याच्या पडवीत, ताडपत्रीच्या ढिगात बसलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. टपऱ्यांची छपरं तीच शिवायची आणि पर्यटकांना फिरवणाऱ्या रबरी होड्यांना ठिगळंही तीच लावायची. नवरा लवकर गेला, तेव्हापासून त्या पडवीवर तिचं घर चाललं. घर माझ्या घराला लागून. मी तिला वयनी म्हणायचो, ती मला भावजी.

मी चौथीपर्यंत शिकलेला. पण पाण्यातलं मला कुणी शिकवू नये, असा माझा ताठा.

माझ्या रबरी होडीचे हवा भरायचे नळे जुने होऊन गेले. फळ्या आणि इंजिन ठीक होतं, म्हणून फक्त नळे नवे करायचे ठरवले. मुंबईच्या व्यापाऱ्याने कापडाचे दोन नमुने पाठवले. एक प्लास्टिकच्या लेपाचं, लालभडक, चकचकीत. दुसरं रबराच्या लेपाचं, राखाडी, म्हशीच्या कातडीसारखं. ते मी टपरीवर चहा पितापिता तिच्यापुढे टाकले.

तिने दोन्हींवर नख ओढलं. लालवर बारीक पांढरी रेघ राहिली, राखाडीवर काही नाही. म्हणाली, "चकाकी बघू नका, भावजी. चकाकी म्हणजे उन्हाची न्याहारी. लेप आतल्या विणीला कसा धरून हाय ते बघा." दोन्ही तुकडे छपरावर ठोकते, एक उन्हाळा थांबा, मग ठरवा, असं तिचं म्हणणं.

दिवाळीची गर्दी तोंडावर होती, हे एक कारण. खरं कारण हे, की चार माणसांत एक बाई मला होडीचं सांगत होती. मी म्हटलं, "म्हशीवर बसायला पुण्यामुंबईची माणसं कशाला येतील?" टपरी हसली. ते हसू मला गोड लागलं आणि मग माघार घेता आली नाही; लालच मागवलं.

ती हसली नाही. एवढंच म्हणाली, "चिकटवीन मी. सांधा माझा, कापड तुमचं."

बारा दिवस ती त्या सांध्यांवर बसली. दोन्ही बाजू घासायच्या, चिकटवायचं रसायन लावायचं, बोटाच्या मागच्या अंगाने ते सुकलंय का बघायचं, मग वरून घरातला वरवंटा फिरवायचा. वारा सुटून रेती उडाली की काम बंद. आणि दोन तुकडे तिने छपरावर ठोकलेच. मी विचारलं, आता कशाला? तर म्हणाली, तुमचं झालं, माझं बघायचं राहिलं.

पहिला उन्हाळा निघाला. मी तिच्या पडवीवरून जाताना मुद्दाम म्हणायचो, लागलं की ऊन, वयनी. ती सुईवरून नजर न काढता म्हणायची, एकाच उन्हाळ्याचं लागलं.

दुसऱ्या मे महिन्यात, रविवारी भर दुपारी, पुण्याचं एक कुटुंब होडीत होतं. किनारा जवळच. डावा नळा फाटला. सगळे कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले. कुणाला काही झालं नाही, एका आजीबाईंची चप्पल तेवढी गेली.

मी होडी ओढत वाळूवर आणली आणि पाहिलं. सांधा शाबूत होता. त्याच्या बोटभर अलीकडे कापड तडकलं होतं, वाळलेल्या पापडासारखं. ते मी पाहिलं. या दोन डोळ्यांनी पाहिलं. आणि माणसं जमायच्या आत तो भाग आत घेऊन फाटका नळा गुंडाळला, त्याच्यावर बसलो आणि मोठ्याने म्हणालो की चिकटवणंच कच्चं होतं.

ती धावत आली. "उलगडा, भावजी. बघू दे."

"काय बघतेस? तुझा सांधा सुटला."

इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा एकेरीवर आलो होतो. तिने गुंडाळीकडे पाहिलं, मी कुठे बसलोय ते पाहिलं. तिला कळलं असावं. ती पडवीकडे परत निघाली.

होडीवाल्यांनी तिचं काम बंद केलं. माणसांच्या जिवाचा प्रश्न, त्यांचं तरी काय चुकलं? मग टपरीवालेही दुसरीकडे जायला लागले. दिवाळीआधी ती उरणला लेकीकडे निघाली. टेम्पोत तिचं शिलाई मशीन मीच चढवलं. घराची चावी तिने माझ्याच हातात दिली.

एकदा मी उरणला गेलो, फक्त तेवढं सांगायला. वाटभर वाक्य जुळवलं. लेकीने चहा दिला. वयनीने विचारलं, "राखाडी तुकडा हाय का अजून छपरावर?" माझ्या अंगणातून तो रोज दिसत होता. मी म्हटलं, बघितला न्हाय. दुसरा चहा घेतला आणि परत आलो.

यंदा होळीच्या आधी ती गेली. लेकीचा फोन आला, घर उघडून ठेवा. घर उघडलं, मग शिडी लावली. लालच्या खिळ्याभोवती नखाएवढा तुकडा उरला होता. राखाडी पुसला, घडी घातली, नख ओढलं. रेघ उठली नाही. वर बसून राहिलो. ज्याला सांगायचं ते माणूस नव्हतं.

खाली येऊन इतकी वर्षं माझ्या पडवीच्या माळ्यावर टाकलेली ती गुंडाळी काढली आणि अंगणात उलगडली. लाल कापडाचा हाताखाली भुगा झाला. उरला तो तिचा सांधा, नळ्याएवढी लांब पट्टी, दोन पदर एकमेकांना धरून. पक्कड लावून ओढलं. सुटला नाही.

ती पट्टी मी टपरीच्या खांबाला बांधली आहे, ऊन लागेल अशी. कुणी विचारलं की घडलं ते सगळं सांगतो, माझ्या बसण्यासकट, आणि म्हणतो, ओढून बघा.

अजून कुणाच्याने सुटलेली नाही.