फॅमिली म्हणजे दोन मोठे, दोन छोटे

तिकीटखिडकीवर बसणाऱ्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. ते आपणहून रांगेत येऊन उभे राहतात! एक सांगायला घ्यावा तर मागचे तीन धक्काबुक्की करतात. मैत्रिणी म्हणतात, "रेश्मा, तुझी मजा आहे बाई, रोज नवीन पिक्चर." मजा आहेच. हसतोसुद्धा आम्ही खूप.

महाड आणि पोलादपूरच्या मधे, हायवेपासून जरा आत आमचा वॉटर पार्क आहे. मी तिथे तिकिटं फाडते. फाडते म्हणायचं आपलं, आता ती मशीनमधून निघतात.

*

पार्कचं आधीचं नाव झुळझुळ. तिकीट दोनशे रुपये, दिवसभर डुंबा. सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीतली पोरं मोटरसायकलींवरून यायची, मे महिन्यात मुंबईहून गावी आलेली मंडळी टेम्पो भरून यायची. बरं चाललं होतं. पण शेठच्या डोक्यात एक किडा शिरला. मुंबईच्या एवढ्या गाड्या आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढतात, त्यातली एकही आपल्याकडे का वळत नाही?

म्हणून पुण्याहून अद्वैत सर आले. लॅपटॉप, पांढरे बूट, आणि "ब्रँड" हा शब्द दर वाक्यात. ते म्हणाले, "झुळझुळ ऐकलं की ओढा आठवतो. आपल्याला फॅमिली आठवायला हवी." महिन्याभरात नवीन नाव आलं. फन अधिक फॅमिली, म्हणून फनमिली!

बोर्ड चढवताना आमचा गेटवरचा दत्ता मान वर करून खाली उभा होता. बारा वर्षं भायखळ्याला काढलेला माणूस. त्याने नाव दोनदा वाचलं आणि मला विचारलं, "फन मिली? कुनाला मिली गो?"

*

मग दर. दोनशेचे एकदम सातशे! शेठच घाबरले. "अहो, एवढं महाग केलं तर लोक येतील कसे?"

"महाग केलं म्हणूनच येतील. स्वस्त असलं की कोणीही येतं."

मी मधेच विचारलं, "कोणीही म्हणजे कोण, सर?"

सरांनी लॅपटॉपकडे बघितलं. "म्हणजे... असंच. मिक्स पब्लिक."

मीटिंगला आम्ही सगळा स्टाफ उभा होतो. आजूबाजूच्या वाड्यांमधला. दत्ता स्वतःच्या चपलांकडे बघत राहिला.

दराच्या बोर्डावर आधी बाराशे लिहायचे, त्यावर काट मारायची आणि खाली सातशे लिहायचे, असं ठरलं. पेंटर म्हणाला, "साहेब, खोडायचंच हाय तर लिवू कशाला?"

"सायकॉलॉजी असते ती."

पेंटरने लिहिलं, खोडलं, आणि दोन्ही कामांची मजुरी लावली!

*

गेटवर एक पाटी लागली, "स्टॅग्ज नॉट अलाउड. ओन्ली फॅमिलीज." आमच्या सुगंधाताई पोहण्याचे कपडे भाड्याने द्यायच्या काउंटरवर असतात. त्यांच्या मुलीने डिक्शनरीत बघून सांगितलं, स्टॅग म्हणजे नर हरीण. दत्ता म्हणाला, "मंग बरोबर हाय. हरनांचा लय तरास होता आपल्याला."

पहिल्याच रविवारी केमिकल कंपनीतली पाच पोरं आली. नेहमीची. कोणी लातूरचा, कोणी नांदेडचा, पाच जण एका खोलीत राहणारी. आठवडाभर केमिकलचा वास अंगात मुरलेला असतो, रविवारी ती आमच्याकडे येऊन तासन्तास पाण्यात बसायची. बरोबर बाईमाणूस नाही, म्हणून दत्ताने त्यांना पाटी दाखवली.

"दादा, आमची फॅमिली गावी आहे."

"मी काय करू रे? वरून ऑर्डर हाय."

पोरं परत फिरली. गेटसमोर सखूमावशी काकड्या विकायला बसायच्या. तिथे काय खलबत झालं देव जाणे, पंधरा मिनिटांनी पाचही जण मावशींना मधे घालून हजर!

"ही आमची आई."

दत्ताने विचारलं, "पाचांची?"

"पाचांची."

"आडनावं पाच हायत रे!"

मावशींनी पदर खोचला. "पाच नवरे केले मी. तुज्या पोटात का दुखतंय?"

रांगेतले सगळे हसले, दत्ताने गेट उघडलं. त्या दिवशी मावशी आत झाडाखाली खुर्चीवर बसल्या होत्या. पोरं पाण्यातून त्यांना हात करत होती, एकाने जाऊन गरम भजी आणून दिली. मावशी मला नंतर म्हणाल्या, "सोताच्या पोरानं कदी असं हिंडवलं नाय."

पुढच्या रविवारी पोरं आली, तेव्हा आधार कार्ड बघायची ऑर्डर निघालेली होती. आणि मावशींची जागा रिकामी होती. गेटचा फोटो काढला की फ्रेममध्ये टोपली येते, म्हणून त्यांना उठवलं होतं.

लातूरच्या पोराने दत्ताला एवढंच विचारलं, "आमची आई कुठं गेली?"

*

लहान मुलांचं हाफ तिकीट वयावर नाही, उंचीवर. गेटपाशी एक लाकडी जिराफ आहे, त्याच्या मानेवर लाल पट्टी. पट्टीच्या खाली डोकं असेल तर हाफ.

एकदा घाटाखालच्या एका वाडीतले आजोबा आले, मुंबईहून आलेल्या लेकासुनेबरोबर. पाठीत इतके वाकलेले की नजर जमिनीलाच. नातवंडांची मापं झाल्यावर आजोबाही गपचूप जिराफाशेजारी जाऊन उभे राहिले. डोकं पट्टीच्या चांगलं वीतभर खाली! दत्ताने मला ओरडून सांगितलं, "हाफ!" मी हाफ काढलं.

नेमके अद्वैत सर तिथे. "हाफ तिकीट मुलांसाठी आहे."

आजोबा म्हणाले, "बोर्डावर पोर कुटं लिवलंय? उंची लिवलीय."

"आजोबा, सरळ उभे राहा बघू."

सर चेष्टेनेच म्हणाले असतील. पण आजोबांना ती ऑर्डर वाटली. सगळ्या रांगेसमोर ते सरळ व्हायला बघायला लागले. एक हात गुडघ्यावर, दुसरा जिराफाच्या मानेवर. चेहरा लालबुंद. कोणी हसत नव्हतं. शेवटी लेकाने त्यांना कंबरेत धरलं. "राहू दे, आबा. मी फुल काढतो."

माझ्याकडून फुल तिकीट घेऊन लेक परत गेला. आजोबांनी ते डोळ्यांजवळ धरून बघितलं आणि मोठ्याने म्हणाले, "डाक्टरला इतकी वर्सं जमलं नाय, या सायबानं सातशे रुपयांत माजी पाठ सरळ केली!"

*

सरांची सगळ्यात लाडकी आयडिया म्हणजे फनमिली पॅक. दोन मोठे, दोन छोटे, चौघांचे मिळून तेराशे. सुटे सुटे काढले तर एकवीसशे होतात. पॅक धडाधड खपायला लागले, हे खरं आहे.

वरंधकडची एक बाई आली, बरोबर दोन मुलगे. साडी साधी पण कडक इस्त्रीची. "ते तेराशेवालं द्या."

"चौथे कुठे आहेत, ताई?"

"आम्ही तिघंच."

तिघांचे सुटे होतात चौदाशे. चौघांना तेराशे, तिघांना चौदाशे! मला ते तिच्या तोंडावर सांगवेना. मी सरांना फोन लावला. दोन्ही हात कीबोर्डवर, म्हणून स्पीकरवर.

"सर, एक मोठ्या आणि दोन छोटे आहेत. पॅक देऊ का?"

"सिस्टीममध्ये फॅमिली म्हणजे दोन मोठे, दोन छोटे. चौघं समोर हवेत."

"मुलांचे वडील नाहीयेत, सर."

"नाहीयेत म्हणजे? पार्किंगमध्ये आहेत का?"

मी फोन उचलून कानाला लावेपर्यंत बाईच खिडकीत वाकून म्हणाली, "वारले."

मग सर म्हणाले, "ओह. सॉरी. मग इंडिव्हिज्युअल करा."

तिने पर्समधून पैसे काढले. मी तिकिटं दिली. जाता जाता धाकट्याने विचारलं, "आई, पप्पा असते तर स्वस्त पडलं असतं?"

"पप्पा असते तर सगळंच स्वस्त पडलं असतं," ती म्हणाली, आणि त्याच्या टोपीची दोरी नीट करायला लागली.

*

हायवेवर मोठं होर्डिंग लावायचं ठरलं. हसरी फॅमिली, मागे पाण्याची लाट. सरांनी सांगितलं, स्टाफने आपापल्या घरच्यांना आणा, गर्दी दिसायला हवी.

सुगंधाताईंचं घर म्हणजे हुबेहूब पॅक. नवरा, बायको, एक मुलगा, एक मुलगी. ताईंनी महाडच्या बाजारातून चौघांना नवीन कपडे घेतले. नवऱ्याने कंपनीतून सुट्टी काढली. सकाळपासून चौघं नटून उभे.

दुपारी मुंबईहून एक गाडी आली. त्यातून होर्डिंगवरची फॅमिली उतरली. नवरा-बायको गाडीतच पहिल्यांदा भेटलेले! पोरं तिसऱ्याच कुणाची. छोटी मुलगी त्या आईकडे जाईना, रडायला लागली. शेवटी सुगंधाताईंनीच तिला कडेवर घेतलं, गाणं म्हणून शांत केलं आणि हसतं पोर त्या बाईच्या हातात दिलं. कॅमेरावाला म्हणाला, "परफेक्ट! काकू, आता बाजूला व्हा."

काकू बाजूला झाल्या. पण पुरत्या नाही. होर्डिंगच्या डाव्या कडेला एक कोपर आलंय, त्यावर हिरव्या बांगड्या. एसटी तिथून गेली की सुगंधाताई शेजारच्या बाईला ढोसून दाखवतात, "ते माझं कोपर!"

नवरा मात्र त्या वेळी दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघतो.

*

आणि आता हा बुधवारचा.

बुधवारी पार्क ओस पडायचा. सर म्हणाले, "आई आली की फॅमिली येते." आणि ऑफर काढली, दर बुधवारी लेडीज फ्री! सगळ्या गावांत रिक्षा फिरली, भोंग्यावर ओरडत. आमच्या वाडीतही आली.

आमची बौद्धवाडी पार्कच्या बरोबर मागच्या अंगाला. मधे फक्त कुंपण. पार्कने तीन बोअर मारल्यापासून आमची विहीर होळीनंतर तळ दाखवते. टँकर येतो, म्हणजे यायचा तेव्हा येतो. आणि कुंपणापलीकडे, तलावात उतरायच्या आधी अंग धुवायचे शॉवर दिवसभर चालू. बोअरचं पाणी, स्वच्छ.

बुधवारी सकाळी मी खिडकीवर. सर माझ्या खुर्चीमागे, ऑफरला कशी गर्दी होते ते बघायला. आणि चढावरून वाडीतल्या बायका येताना दिसल्या. रांगेने. प्रत्येकीच्या कमरेला हंडा.

दत्ता गेटवर म्हणाला, "काकू, भांडी आत नाय चालत."

"पाटी वाच," रांगेतल्या एक काकू म्हणाल्या. "भायेरचं पानी आनू नये, असं लिवलंय. हंडा रिकामा हाय. वाजवून दावू?"

रांग खिडकीशी आली. फ्री असलं तरी नाव टाकून तिकीट काढावं लागतं. पहिली बाई वाकली.

माझी आई.

सकाळी तिनेच मला डबा भरून दिला होता. एक शब्द बोलली नव्हती. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्यामागे उभ्या असलेल्या सरांकडे.

"नाव?" मी विचारलं.

तिने नाव सांगितलं. अख्खं, माझ्या वडिलांचं आडनाव धरून.

"मोबाईल?"

"मोबाईल लेकीकडं ऱ्हातो, मॅडम. ती कामाला गेलीय."

सर माझ्या कानाशी वाकले. "तुमच्या गावच्या ना या? ओळखता का?"

मी तोंड उघडलं. त्याआधी आईच बोलली. "नाय ओ साहेब. मॅडम शिकलेल्या हायत. आमची कुटली वळख?"

मी तिकीट काढून दिलं. तिने ते ब्लाउजमध्ये खोचलं आणि आत गेली. मागोमाग सगळ्या. शॉवरखाली हंडे लागले. भरले की डोक्यावर घेऊन गेटबाहेर, ओळीने, एक थेंब न सांडता. दत्ताने गेटची दोन्ही दारं उघडून ठेवली होती आणि त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

सर फोनवर फोन लावत होते. दुपारपर्यंत ऑफर बंद झाली, ती कायमचीच.

संध्याकाळी घरी आले. हात-पाय धुवायला मोरीत गेले तर बादली काठोकाठ भरलेली. आईने तांब्या पुढे केला.

"पी," ती म्हणाली. "तिकीट काडून आनलंय."