साडूच्या यादीतली सुमनआत्या

जगातला कुठलाही शब्द माझ्या साडूसमोर सुखरूप उभा राहू शकत नाही. हे मी रागाने लिहीत नाही. नोंद म्हणून लिहितो आहे. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा मुलुंडला राहतो आणि एका कंपनीसाठी शब्दांचे अर्थ ठरवतो. एका इस्पितळाचा संगणक ‘रुग्ण’ म्हणतो, दुसऱ्याचा ‘पेशंट’, तिसऱ्याचा ‘केस’. तिघे एकमेकांशी बोलायला गेले की प्रत्येकाला वाटतं, समोरचा भलत्याच कुणाबद्दल सांगतोय. साडू त्यांच्यासाठी सामायिक कोश तयार करतो. त्यात कुठली गोष्ट कशाचा प्रकार, कुठली कशाचा भाग आणि कोण कोणाचं काय लागतं, हे लिहून ठेवलेलं असतं. काम उपयोगाचं आहे. माझी तक्रार एवढीच, की संध्याकाळी ऑफिस सुटतं तेव्हा ते सुटत नाही.

त्याच्याबरोबर उडप्याच्या हॉटेलात जाणं मी बंद केलं, त्याला कारण आहे. मेन्यूकार्डावर चटणी ‘डोशाचे प्रकार’ या मथळ्याखाली छापलेली होती. त्याने मॅनेजरला बोलावून घेतलं आणि चटणी हा डोशाचा प्रकार नसून सोबतचा पदार्थ आहे, हे शांतपणे, उदाहरणांसह समजावलं. मागे लोक टेबलासाठी ताटकळत होते. शेवटी वेटरच म्हणाला, “साहेब, खायचं काय ते बोला ना, वाट लागलीय सकाळपासून.” घरी स्वयंपाकघरातल्या डब्यांना त्याने चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत: ‘धान्य – डाळ – तूर’. माझी मेहुणी गेली कित्येक वर्षं त्या डब्यात रवा ठेवते. विचारलं तर म्हणते, “मला माहितीये ना कुठे काय आहे ते! त्याला नाही कळलं, तर तो त्याचा प्रॉब्लेम.” तिला राग नुसता चिठ्ठ्यांचा नाही. लग्न ठरल्यावर त्याने तिला पहिला प्रश्न विचारला होता, “‘होकार’ म्हणजे नक्की कशाला?”

अशा माणसाच्या हाती त्याच्याच मुलीच्या लग्नाची यादी जायला नको होती. ती गेली. नवऱ्या मुलाकडचे लोक कोकणातले, मागच्या पिढीत गिरणीत होते, आता भांडुपला स्थायिक. लग्न एकत्रच करायचं ठरलं होतं, पत्रिकाही एकच. व्याह्यांनी नावं पाठवली ती व्हॉट्सॅपवर, जशी आठवली तशी, गेलेल्यांसकट. कारण पत्रिकेत ज्यांचे आशीर्वाद मागायचे, त्यांत गेलेली माणसंही येतात. साडूने दोन्ही याद्या एका कोशात ओतल्या. कुणाला दोनदा आमंत्रण जाऊ नये म्हणून, सारख्या दिसणाऱ्या दोन नोंदी म्हणजे एकच व्यक्ती, असा नियमच त्याने संगणकाला सांगून ठेवला. एकदा तसं सांगितलं की एकीबद्दल जे खरं, ते दुसरीबद्दलही खरं होतं. नोंदीत ‘हयात नाही’ असेल, तर नावाआधी ‘कै.’ आपोआप लागे. “माणसाचा हात लागला की घोटाळा होतो,” असं म्हणून त्याने बायकोला यादी उघडूही दिली नाही.

दोन्ही याद्यांत एक ‘सुमनआत्या, घाटकोपर, निवृत्त शिक्षिका’ होती. व्याह्यांची दोन वर्षांपूर्वी वारली होती. साडूची जिवंत होती. आई गेल्यावर याला तिनेच वाढवलं होतं. संगणकाने दोघींची एक केली आणि पत्रिकेत ‘कै. सुमनआत्या’ छापली. प्रूफ मी वाचलं होतं. वर्तमानपत्राच्या टेबलावर उमेदीची वर्षं घालवलेला माणूस म्हणून ते माझ्याकडे आलं होतं. शुद्धलेखन निर्दोष होतं, तसं मी कळवलं.

पत्रिका फोनवरून गावभर गेली. कैलासवासींना आमंत्रण जात नाही, त्यामुळे आत्याला ती मिळाली नाही. ठाण्याच्या एका लांबच्या भाचीने मात्र सांत्वनासाठी आत्याच्याच घरी फोन लावला.

“आत्या गेल्या कधी हो?”

“भाजी आणायला गेले होते मघाशी. कोण बोलतंय?”

संध्याकाळी आत्याचा निरोप आला: मेलेली बाई लग्नाला येत नाही. व्याह्यांचाही फोन आला. “माका एक फोन करूचो होतो ना! आमची गेली, तुमची कित्याक मारल्यात?”

घाटकोपरला साडू मला बरोबर घेऊन गेला. प्रूफवाला म्हणून माझाही गुन्हा होताच. आत्याने दार उघडलं, पाणी दिलं आणि खुर्चीत बसली. साडूने लॅपटॉप काढला.

“आत्या, कसं झालं सांगतो. दोन नोंदी एकच आहेत असं म्हटलं की—”

“बाळ्या, ते मिटव. नाही, थांब. उघड. त्यात मी तुझी कोण आहे, ते बघू.”

“आत्या. वडिलांची बहीण.”

“प्रगतिपुस्तकावर सही कोण करायचं तुझ्या?”

“तू.”

“कुठल्या जागी?”

“पालक.”

“मग ते दाखव.”

त्याने शोधलं. सासरची, माहेरची, चुलत, मावस, मानलेली सुद्धा नाती त्या कोशात होती. वाढवणाऱ्या माणसासाठी काही नव्हतं. शब्दासाठी अडलेला साडू मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मग त्याने लॅपटॉप मिटला.

“चुकलं गं,” तो म्हणाला. चूक कुठल्या प्रकारातली, हे त्याने सांगितलं नाही.

“नवी पत्रिका आण,” आत्या म्हणाली. “छापलेली नको. हाताने लिहून आण.”

त्याने लिहिली. अक्षर इतकं वाईट होतं की मेहुणीने ती तीनदा लिहायला लावली. आत्या लग्नाला आली आणि पहिल्या रांगेत बसली. व्याही वाकून नमस्कार करत म्हणाले, “आत्यानु, जित्या आसात ता बघून बरा वाटला.” त्यावर आत्या म्हणाली, “जेवण होऊ दे, मग खात्रीने सांगते.” कोशात ‘पालक’ हे नातं त्याच आठवड्यात आलं. त्यावर तो मला फोनवर तासभर ऐकवत होता आणि मी वैतागून हं हं करत होतो.

मागच्या वर्षी आत्या खरोखर गेली. सगळं साडूनेच केलं.

आता त्याच्या नातवाचं बारसं आहे. आमंत्रणाचं प्रूफ नेहमीप्रमाणे माझ्याकडे आलं. आशीर्वाद देणाऱ्यांत पहिलंच नाव सुमनआत्याचं आहे. त्याच्याआधी ‘कै.’ नाही. कोशातला एक रकाना भरायचा, की ते आपोआप लागतं. साडूने तो भरलेला नाही. चटणीसाठी मॅनेजरला बोलावणारा हा माणूस असा रकाना विसरत नसतो.

मी प्रूफ दोनदा वाचलं. चूक आढळली नाही, असं कळवलं.