ड्रायव्हरच्या बाजूची खिडकी

भोसरीहून चाकणला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये जागा ठरलेल्या असतात. कुठं लिहिलेलं नाही, पण दुसऱ्याच्या जागेवर बसून बघा, गाडीभर माणसं तोंडसुख घेतील. मी आणि भीमराज अकरा वर्षं एकाच बाकावर. खिडकी माझी, कडेची जागा त्याची. आमची बाजू ड्रायव्हरची. सकाळी जाताना ऊन तिकडंच, दुपारी येतानाही तिकडंच. पडदा ओढायचा आणि डुलकी काढायची, एवढंच आमचं काम.

भीमराज प्रेस शॉपमधला. गाड्यांच्या दरवाजांचे पत्रे दाबायचे, आठ तास त्या ठणठणाटात. वर बारा वर्षांची शुगर. पण गडी हौशी! "आज किती आली?" म्हणून अख्ख्या बसची शुगर विचारायचा, क्रिकेटचा स्कोअर विचारावा तशी. गेल्या दिवाळीनंतर मात्र तो गप्प झाला. बसच्या तीन पायऱ्या चढून आला की दोन मिनिटं बोलायचाच नाही. मी चिडवलं, "काय रे, म्हातारा झालास व्हय?" तर म्हणाला, "थकलोय राव. झोपून उठलो तरी थकलेलाच."

डॉक्टरांनी रक्त तपासलं. व्हिटॅमिन डी पार तळाला. असणारच की! उजाडताना बस, दिवसभर शेड, घरी आलं की अंथरूण. डॉक्टरांनी आठवड्याला एक पुडी लिहून दिली आणि वर बजावलं. ते बजावलेलं त्यानं मला जसंच्या तसं सांगितलं होतं, म्हणून तर आता जिवाची तगमग होते. बाई असो की पुरुष, शुगर असली आणि डी कमी असलं, की हृदयाचं दुखणं जास्त दिसतं. पण पुडी घेतली म्हणून हृदय वाचतं असं काही सिद्ध झालेलं नाही. शुगरवाल्याच्या छातीत कळ येईलच असंही नाही, नुसता दम लागतो, थकवा येतो. तेव्हा पट्ट्यावर चालायची ती हृदयाची टेस्ट याच आठवड्यात करा.

पुडी त्यानं त्याच संध्याकाळी घेतली. टेस्ट राहिली.

"त्यात काही निघालं तर लाइट ड्यूटी," तो म्हणाला. "आणि लाइट ड्यूटीवाल्याला वर्षभरात घरी बसायचा कागद दाखवतात. आमच्या भाग्यश्रीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे दौलतराव. तेवढं होऊ दे."

मी काय म्हणायला पाहिजे होतं? कॉलर धरून न्यायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "बघ बाबा, तुझं तू."

मग त्यानं माझी खिडकी मागितली. पडदा सारायचा, बाह्या वर करायच्या आणि डोळे मिटून उन्हात बसायचं. सगळे हसायचे. "भीमराजभाऊ, कुरडया वाळत घातल्या काय?" तोही हसायचा. महिनाभर हे चाललं. माझी पुतणी स्वरूपा मेडिकलमध्ये कामाला आहे. तिला सहज सांगितलं, तर ती म्हणाली, "काका, बंद काचेतून डी मिळतच नाही."

दुसऱ्या दिवशी मी त्याला सांगितलं. बस एसीची, काच उघडायची सोयच नाही. त्यानं काचेवर बोट वाजवून बघितलं. म्हणाला, "असू दे राव. ऊब तर लागते." आणि पुन्हा डोळे मिटले. टेस्टचं विचारलं तर म्हणाला, सोमवारी नक्की. असे कितीतरी सोमवार झाले होते.

त्या गुरुवारी परत येताना मोशीच्या पुढं ट्रॅफिक होतं. तो उन्हात बसला होता, कपाळावर घाम. एसीत घाम! मला वाटलं, ऊन जास्त झालं असेल. मीही पेंगलो. भोसरीचा थांबा आला तशी त्याला हाक मारली, "ऊठ रे." मागनं कोणीतरी ओरडलं, "कुरडया वाळल्या का न्हाई अजून?" आम्ही हसलो. मी त्याचा हात धरून हलवला. हात उन्हानं गरम होता, पण माणूस गेला होता.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी त्याच्या घरी गेलो. कस्तुरावहिनी, त्याची बायको, माझ्याजवळ येऊन बसली. रडून रडून आवाज बसलेला.

"भाऊ, टेस्ट तर चांगली आली होती ना? मला म्हणाले, दौलतरावांना सोबत घेऊन गेलो होतो, त्यांना विचार. मी म्हटलं, कशाला विचारू, तुमच्यावर विश्वास नाही का? मग असं कसं झालं हो?"

समोर भाग्यश्री कॉलेजच्या पांढऱ्या ड्रेसमध्ये सगळ्यांना पाणी देत होती.

"व्हय वहिनी," मी म्हणालो. "मी होतो की सोबत. चांगली आली होती."

तिनं मान हलवली, डोळ्याला पदर लावला आणि पोरीला म्हणाली, "काकांना पाणी दे."