स्वयंपाकघरातील सुनावणी

मोताळ्याच्या तहसील कचेरीसमोर, लिंबाच्या सावलीत, माझे टेबल आहे. माझे शिक्षण दहावीच्या उंबरठ्यावर थांबले. तथापि माझ्या हातचा अर्ज त्रुटी काढून परत पाठवल्याचे उदाहरण या तालुक्यात विरळाच सापडेल, आणि पदवीधर मंडळीही आपले मसुदे माझ्या नजरेखालून घालतात, हे मी येथे नम्रपणे नमूद करतो.

इतर अर्जनवीस अर्ज लिहून मोकळे होतात. मी अर्जदाराला साहेबासमोर उभे राहण्यास तयार करतो. अर्ज पुरा झाला की मी चष्मा कपाळावर चढवतो, खुर्ची मागे सरकवतो आणि स्वतः साहेब होतो. कारण काय, पुरावा काय, इतके दिवस कुठे होता, असे दरडावून विचारतो. एकदा एक म्हातारी रागावली होती.

"काऊन वरडून राह्यला रे? अर्ज त तूच लेहला."

"मी आता साहेब आहे, आजी. बोला."

"मंग साहेब, खुर्ची सोड. माह्ये गुडघे दुखून राह्यले."

माझी एकुलती एक मुलगी शाळेच्या सुट्टीत या टेबलाजवळ बसत असे. माझे सगळे प्रश्न तिला पाठ होते. पुढे ती संगणक शिकली आणि पुण्यात नोकरीला लागली. लग्नाच्या आदल्या वर्षी काही महिने ती घरूनच काम करत होती. दिवसभर ती पडद्यावरच्या लाल-हिरव्या ओळींकडे पाहत बसे. हे काय चालले आहे, असे मी एकदा विचारले.

"दवाखान्याचा नंबर लावायचा प्रोग्राम हाय, बाबा. माह्या तुकड्याचं काम एवढंच, का दवाखान्याले विचारायचं जागा हाय का, अन् उत्तर आलं का पेशंटले कळवायचं. आता तपासासाठी मी दर खेपेस खऱ्या दवाखान्याले विचारत बसली त कसं जमन? म्हणून त्याच्या जागी खोटा दवाखाना ठेवते. तो एकच ठरलेलं उत्तर देते, जागा हाय. त्याले स्टब म्हणतात."

"आणि एवढ्याने तपासणी होते?"

"माह्या तुकड्याची होते. दुसरा असते मॉक. तो उत्तरही देते अन् ध्यानातही ठेवते, का मी त्याले काय विचारलं, किती खेपा विचारलं. चुकीचं विचारलं त नापास."

"म्हणजे टेबलावरचा मी."

"हाव. तुमी पक्के मॉक. म्हातारीनं नमस्कार केला नाही तरी नापास करता."

आम्ही दोघेही हसलो. मग ती पडद्याकडे पाहत म्हणाली, "एकच भेव असते. खोटा दवाखाना आपणच बनवतो, आपल्याले वाटते तसा. खरा तसा वागला नाही त सगळ्या चाचण्या हिरव्या, म्हणजे पास, अन् काम बंद. एक खेप खऱ्यासमोर उभं राहावंच लागते."

माझी पद्धत पुण्याच्या संगणकवाल्यांनी उचलली आहे, असे मी पुढे महिनाभर चहाच्या टपरीवर सांगत होतो. भीतीबद्दलचे वाक्य मात्र मी कोणाला सांगितले नाही. ते मला महत्त्वाचे वाटले नव्हते.

तिच्या लग्नाला दोन वर्षे झाली तेव्हाची गोष्ट. बाजाराचा दिवस होता आणि टेबलावर सकाळपासून गर्दी होती. दुपार उलटल्यावर मी घरी आलो तर मुलगी खाटेवर बसलेली. शेजारी कपड्यांची एक बॅग आणि लॅपटॉप. मी हातपाय धुण्याआधीच ती उभी राहिली.

"बाबा, मी सासरी परत जात नाही आता. इथंच राहून काम करन. राहू का?"

यापुढचे लिहिताना मला मसुद्याची सवय उपयोगी पडत नाही. दिवसभरात मी कितीतरी जणांचा साहेब झालो होतो, आणि चष्मा अजून कपाळावरच होता.

"कारण काय?" मी विचारले.

"तिथं मले कोणी माणसात धरत नाही, बाबा."

"असं मोघम चालत नाही. घटना सांग. कधीची, कोणासमोर? मारलं का?"

"नाही."

"मग यात जोर नाही."

तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले. तिथे तिची आई चौकटीला धरून उभी होती. मुलगी पुन्हा माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "बाबा, चष्मा खाली घ्या एक खेप."

"विषयावर बोल," मी म्हणालो. "दोन्ही बाजू ऐकून घेतो, मग कळवतो."

ती रडली नाही. तिने बॅग उचलली आणि बुलढाण्याच्या बसने गेली. सासरी ती गेली नाहीच. पुण्यात खोली घेऊन एकटी राहू लागली. दोन्ही बाजू मी कधीच ऐकल्या नाहीत.

त्यानंतर आठ दिवस पत्नी माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी मेथी निवडता निवडता, माझ्याकडे न पाहता, तिने सांगितले.

"त्या दिवशी तुमी टेबलावर होता तवा तिनं मले तुमी बनवलं होतं. चुलीपाशी उभी राहून म्हणे, राहू का बाबा? मी म्हटलं, ये बाई, घर तुहं हाय. मंग तिनं पुढचं सगळं इचारून घेतलं. टेबल कुठं ठेवू, इंटरनेट कसं घेऊ, शेजारी काय म्हणतीन. सगळं जमलं. मले म्हणे, आई, तू लय लवकर हो म्हणली. बाबा एवढ्या लवकर म्हणणार नाहीत. मी म्हटलं, बाप हाय तुहा. म्हणन."

एवढे सांगून ती जुडी घेऊन आत गेली.

इतरांच्या कितीतरी मुलींचे अर्ज मी लिहिले आहेत. त्यांत 'माहेरचा आधार' हे शब्द मी स्वतःहून घालत आलो. साहेबाच्या मनावर त्यांचा परिणाम होतो, असा माझा अनुभव आहे.

काही दिवसांनी मी मुलीला फोन करायचे ठरवले. तिच्यापुढे काय बोलावे हे सुचेना, म्हणून पत्नीला म्हणालो, "तू घडीभर ती हो. मी बोलून पाहतो."

"मी एक खेप तुमी झाली," ती म्हणाली. "आता कोणाची कोणी होत नाही. सरळ तिलेच लावा."

मी चष्मा काढून खाटेवर ठेवला आणि फोन लावला. तिने उचलला. मी म्हणालो, "ये बाई. घर तुहं हाय. कारण नको सांगू."

पलीकडे कळफलकाचा आवाज चालू होता. तो थांबला.

"हे आईचं वाक्य हाय, बाबा."

"हाव," मी म्हणालो.

"तुमचं काय हाय?"

मी काहीतरी म्हणायला हवे होते. माझ्याजवळ काहीही तयार नव्हते. ती थांबली. तिने पुरेसा वेळ दिला, तिच्याकडून काही कमी पडले नाही. मग म्हणाली, "कामात हाय मी. ठेवते."

पत्नी दारातच उभी होती. ती चुलीकडे वळली.

टेबलावरचे काम चालू आहे. लोक सांगतात म्हणून मी साहेबही होतो, मात्र पूर्वीसारखा दरडावत नाही. दुपारी गर्दी ओसरली की एक कोरा कागद पुढे घेतो. हात सवयीने 'विषय' असे लिहितो. ते मी खोडतो आणि खाली नुसते 'बाई' लिहितो. त्यापुढचे वाक्य माझे स्वतःचे हवे आहे. ते अजून आलेले नाही.