दार लावून जेवणारे अण्णा

जर्मनीतल्या त्या लहानशा हॉटेलात पोचल्यावर पुराणिक अण्णांनी आधी काय पाहिलं असेल, तर खोलीच्या दाराची कडी. ती दोन-तीनदा लावून, ओढून पाहिली. मग बॅग उघडली. कपडे तसेच राहिले आणि खिडकीच्या कट्ट्यावर डबे मांडले गेले: मेतकूट, सातूचं पीठ, पातळ पोहे, भाजके तांदूळ, तुपाची बरणी. पाणी उकळायचा रॉडही आणला होता. त्याची पिन तिथल्या सॉकेटला बसेना, तेव्हा नुसत्या वायरी भोकांत खुपसून वर काड्यापेटीतल्या काड्या ठोकल्या. खोलीत काही शिजवू नये, अशी पाटी दारामागे होती. अण्णांनी तिच्यावर टॉवेल टांगला आणि मला म्हणाले, "बरं आहे, साळवे. आता तू तुझ्या खोलीत जा. मी जेवून घेतो."

मी बाहेर पडलो. मागे कडी लागल्याचा आवाज आला.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. नाशिकमध्ये सातपूरच्या एका कारखान्यात अण्णा तपासणी विभागाचे प्रमुख होते आणि मी नुकताच लागलेला डिप्लोमावाला, त्यांच्या हाताखाली. कंपनी जर्मनीहून एक ग्राइंडिंग मशिन घेणार होती. ते तिथंच चालवून, तपासून मग होकार द्यायचा, म्हणून आम्हा दोघांना पाठवलं होतं. अण्णा पंचवटीचे. घराणं उपाध्येपणाचं, पण अण्णांनी हातात पळी-पंचपात्राऐवजी मायक्रोमीटर धरला. कोणी एखाद्या पार्टची फार तारीफ करू लागला की ते म्हणायचे, "कौतुक राहू दे. मापात बसतंय का तेवढं सांग." आणि वरून कितीही तगादा आला तरी, "घाई काय? गोदावरी कुठं पळून चाललीय?"

या दौऱ्यासाठी माझं नाव त्यांनीच लावून धरलं होतं. माझ्यापेक्षा जुनी, वशिल्याची माणसं होती. साहेबांसमोर अण्णा म्हणाले, "साळवेचा हात थरथरत नाही. मला तोच पाहिजे." हे मला साहेबांच्या शिपायानं सांगितलं. अण्णांनी स्वतः कधी तोंडातून काढलं नाही.

पण एक गोष्ट मला डाचत होती. अण्णा कारखान्यातही कँटीनमध्ये जेवत नसत. दुपारी केबिनचं दार बंद, काचेवर पडदा. सगळे म्हणायचे, "पंचवटीचं सोवळं आहे बाबा, आपली सावली पडायला नको." बाकीचे हसून सोडून द्यायचे. मला ते सोडता यायचं नाही. आम्ही बौद्ध. माझ्या वडिलांनी दिंडोरीकडच्या गावात लहानपणी ओंजळ धरून वरून ओतलेलं पाणी प्यायलं होतं. ते नाशकात आले, आम्हाला शिकवलं, मी विमानात बसलो. आणि हजारो मैल उडून आल्यावर पुन्हा तेच बंद दार समोर! ज्या माणसानं मला इथवर आणलं, त्याला माझ्यासोबत घास घेणं चालत नसेल, तर त्याच्याबद्दलच्या आदराचं मी करायचं काय? रोज गेज हातात घेऊन त्यांच्या शेजारी उभा राहायचो आणि डोक्यात हाच भुंगा.

आता माझीही एक भानगड होतीच. आईनं वाळवलेल्या बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि एक डबा भरून लसूण-मिरची घालून परतलेली सुकट दिली होती. "तिकडलं काय खाशील रे, नुसतं पाव खाऊन वाळशील," म्हणाली. सुकटीचा वास काय असतो हे ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. मी खिडकी सताड उघडायचो, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबायचो आणि चोरासारखा जेवायचो. भिंतीपलीकडे अण्णा. दोघं नाशिककर, दोन खोल्या, दोन कड्या.

तिथला इंजिनिअर भला माणूस होता. त्यानं एका संध्याकाळी आम्हाला घरी जेवायला बोलावलं. अण्णा म्हणाले, "पोट बरं नाही." मी एकटाच गेलो. जेवताना त्यानं विचारलं, "तुमचे साहेब कुणाबरोबरच का जेवत नाहीत?" मी म्हणालो, "आमच्याकडे रिवाज आहे." असा संताप आला म्हणून सांगू! त्यांच्या सोवळ्याची वकिली मी करायची, मी!

शेवटच्या चाचणीच्या आदल्या संध्याकाळी माझ्या दारावर टकटक झाली. नेमका सुकटीचा डबा उघडा. आठ वाजले तरी लख्ख उजेड होता. दार किलकिलं केलं तर अण्णा, तोंडावर रुमाल धरून.

"साळवे, आत येऊ दे. घोटाळा झालाय."

शब्दांतून वारा निसटत होता. आत येऊन त्यांनी मूठ उघडली. दातांची कवळी होती, वरची, मधोमध दुभंगलेली. धुताना हातातून निसटून फरशीवर आपटली होती. अण्णांनी रुमाल काढला. गाल आत गेलेले, ओठ मिटून बसलेले. माझा करारी साहेब एकदम कुणाच्या तरी आजोबांसारखा दिसायला लागला.

"चाळिशीतच सगळे दात गेले रे. ही मेली कधी नीट बसलीच नाही. बोलायला चालते, पण चावायला लागलं की टाळ्यापासून सुटते, खट्खट् वाजते. म्हणून काढून ठेवून जेवतो. कुणी बघू नये म्हणून दार लावतो."

मी खाटेवर बसलोच. "म्हणजे सोवळं नाही?"

"सोवळं कसलं, बोडक्याचं! लोक म्हणायला लागले, मी म्हणू दिलं. बोळका म्हणवून घेण्यापेक्षा ते बरं वाटलं."

हुश्श झालं. पण त्याबरोबर मनात साठलेलं सगळं वरही आलं. मी म्हणालो, "अण्णा, तुम्हाला बरं वाटलं. बंद दाराबाहेर आम्हाला कसं वाटत असेल?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या लक्षात आलं. बराच वेळ ते हातातले कवळीचे दोन तुकडे एकमेकांना जुळवून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "हे माप मी घेतलंच नव्हतं रे."

थोड्या वेळानं त्यांनी नाक वर केलं. "हा वास कसला?"

"सुकट आहे," मी छाती काढून सांगितलं.

"हात्तिच्या! मी समजत होतो हॉटेलचं गटार तुंबलंय. रोज तक्रार करायला खाली जाणार होतो!" आणि अण्णा बिनदातांचं तोंड उघडून असे हसले की मलाही आवरेना. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो दोघं.

"हे मला या जन्मी जमायचं नाही," सुकटीकडे बोट दाखवत ते म्हणाले, "पण ती भाकरी कुणी केलीय?"

"आईनं."

"मग दे की. कुस्करून दे."

मी त्यांच्या खोलीतून गरम पाणी आणि तूप आणलं, आईची भाकरी त्यात कुस्करली. ताटली एकच होती. एका कडेनं ते जेवले, दुसऱ्या कडेनं मी. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अण्णा भर उन्हाळ्यात गळ्यापासून नाकापर्यंत मफलर गुंडाळून आले. घसा बसलाय, असं मीच सगळ्यांना सांगितलं. बोललो मी, मापं त्यांनी घेतली. शेवटच्या पार्टवरचं गेज पाहून त्यांनी मफलरच्या आडून मान डोलावली आणि मशिन आमचं झालं.

अण्णा आता नाहीत. निवृत्तीनंतर फार वर्षं लाभली नाहीत त्यांना. पण ते गेले म्हटलं की मला आठवते ती आम्ही परत आल्यावर अण्णांनी आठवडाभर रजा काढली, त्यानंतरची त्यांची कारखान्यातली पहिली दुपार. कँटीन गच्च भरलेलं. दारात अण्णा दिसले, हातात जेवणाचा डबा. ते टेबलांमधून वाट काढत थेट माझ्यासमोर येऊन बसले. डब्यातली रिकामी वाटी काढली, सगळ्यांच्या देखत तोंडात हात घालून नवी कोरी कवळी काढली आणि वाटीत ठेवली. टण्णकन आवाज झाला. शेजारच्या टेबलावर कोणाचा तरी घास हातातच राहिला.

"हीसुद्धा मापात बसत नाही," अण्णा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. मग माझ्या डब्यात डोकावले. "साळवे, आईनं आज काय दिलंय? मऊ असेल ते इकडं सरकव."