युरोपात आपलं कोण आहे?

या गावात असा कोणीतरी आहे, जो कुठल्याही मोठ्या बेताला मोठा म्हणून राहूच देत नाही! बेत दिल्लीचा निघाला की तो नागपुरावर आणून ठेवतो, नागपूरचा निघाला की म्हणतो, "कायले? यवतमाळ काय वाईट हाये?" नाव मी घेणार नाही. एकाचं घेतलं तर बाकीचे रुसतील, कारण प्रत्येकाचा थोडाथोडा हातभार आहेच.

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. दिवाळीनंतर दारव्ह्याच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या येतात, ओततात, निघून जातात. चार दिवसांनी पाहावं तर आवारात पांढरा डोंगर उभा! डॉक्टर इंगोल्यांच्या दवाखान्याच्या ओट्यावर आमची मंडळी रोज संध्याकाळी जमते. तिथेही त्या वर्षी किश्श्यांचा असाच डोंगर झाला. विषय एकच, डॉक्टरांची युरोपची सहल.

झालं असं, की वहिनींचा, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नीचा, धाकटा भाऊ मधू इंजिनीयर होऊन जर्मनीला गेला आणि तिकडेच नोकरीला लागला. आई लवकर गेली, त्यामुळे त्याला वहिनींनीच वाढवलेलं. त्याला लांब रजा मिळेना, म्हणून त्यानेच कळवलं, "तुम्ही या, बोटीच्या तिकिटांचं मी पाहतो." डॉक्टरांची मुलगी छबी तेव्हा चार वर्षांची. मधू गेल्यानंतर जन्मलेली. त्याने तिला फक्त फोटोत पाहिलेलं.

डॉक्टर म्हणत, "एवढ्या लांब जायचं तर सगळं पाहून यायचं. छबीला केळापूरला आत्याकडे ठेवू." वहिनी म्हणत, "छबी नाही, तर मी बी नाही." हा वाद मिटवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी शाळेत भूगोल शिकवतो.

"असा बेत करा मास्तर," वहिनी मला म्हणाल्या, "की ज्यात छबी बसन."

*

मी झपाटल्यासारखा कामाला लागलो. नेपल्सला बोटीतून उतरायचं. तिथून रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, व्हिएन्ना. मग मधूकडे दोन दिवस. मग पॅरिस, मग लंडन, आणि जमलंच तर परतीच्या वाटेवर स्वित्झर्लंड. छबीसाठी मी खास सोय केली होती. दुपारी जेवणानंतर अर्धा तास विश्रांती!

डॉक्टर खूश. "याला म्हणतात प्लॅन!"

वहिनींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "आणि मधू कुठं हाये याच्यात?"

"आहे ना वहिनी! व्हिएन्ना आणि पॅरिसच्या मधे."

"म्हंजे रस्त्यात लागून राह्यला म्हणून जायचं काय त्याच्याकडे?"

*

नकाशाशिवाय चर्चा करण्यात अर्थ नव्हता. हेडमास्तरांची परवानगी काढून मी शाळेतला युरोपचा मोठा नकाशा आणला आणि दवाखान्याच्या भिंतीवर टांगला. डॉक्टरांच्या खुर्चीच्या अगदी मागे, जिथे आधी हाडांच्या सांगाड्याचं चित्र होतं.

दुसऱ्या दिवशी जवळच्या खेड्यातला एक पेशंट पोट धरून आला. डॉक्टर त्याला तपासत होते आणि तो टक लावून भिंतीकडे पाहत होता. गुलाबी जर्मनी, पिवळा फ्रान्स, हिरवा इटली, मधूनमधून निळ्या नद्यांच्या शिरा.

"डॉक्टरसाहेब, हे काय व्हय?"

"हा? हा युरोप आहे," डॉक्टर स्टेथास्कोप कानातून न काढता म्हणाले.

पेशंटचा चेहरा पडला. तो हळूच म्हणाला, "मले बी तोच झाला काय?"

*

आमचे पोस्टमास्तर स्वभावाने चांगले, पण त्यांनी जन्मात नातेवाईक नसलेल्या गावी पाऊल टाकलेलं नाही. त्यांनी माझा बेत एकेका शहराचं नाव घेऊन तपासायला सुरुवात केली.

"रोममंधी आपलं कोण हाये?"

"कोणी नाही."

"व्हेनिसमंधी?"

"कोणी नाही."

"पॅरिसात तरी?"

मी उसळलोच. "पोस्टमास्तर, आपण काय बारशाला चाललो आहोत का? जग पाहायला चाललो आहोत! ज्या शहरांनी माणसाच्या विचाराला दिशा दिली, ती शहरं एकदा तरी डोळ्यांनी पाहायला नकोत? आपली पुढची पिढी दारव्ह्याच्या बाजारातच वाढवायची का?"

पोस्टमास्तरांनी मला पुरतं बोलू दिलं. मग पानाचा विडा गालाच्या एका बाजूला सारून म्हणाले, "ते समदं खरं हाये मास्तर. पण पॅरिसात ऐन रस्त्यात पोरीले शू लागली, तर कोणाच्या घरी नेसान?"

विचाराला दिशा देणाऱ्या शहरांबद्दल मी बरंच वाचलं होतं, पण ही माहिती कुठेच दिलेली नव्हती!

डॉक्टरांनी संधी साधली. "म्हणूनच म्हणतो, केळापूर!"

आतून वहिनींचा आवाज आला, "पोस्टमास्तर, तुमी कोणाच्या बाजूनं बोलून राह्यले?"

"मी? मी तर पॅरिसच्या इरुद्ध बोलून राह्यलो, बाई!"

*

नुसत्या बोलण्याने काही सिद्ध होत नाही, असं माझं ठाम मत. मी म्हटलं, प्रयोग करू. एक दिवस यवतमाळला जाऊ आणि तिथे युरोपच्या वेगाने हिंडू. छबीला झेपलं तर ती येणार, नाही झेपलं तर आत्याकडे. वहिनी आणि डॉक्टर दोघांनीही मान्य केलं. बेत माझाच: कलेक्टर कचेरी हे संग्रहालय, पाण्याची उंच टाकी म्हणजे आयफेल टॉवर, टाऊन हॉल हा राजवाडा, आणि देऊळ म्हणजे चर्च.

आम्ही चौघं सकाळच्या छोट्या गाडीने निघालो. गाडी अशी निवांत, की छबीने वाटेतल्या प्रत्येक शेळीचा नीट निरोप घेतला. यवतमाळ आलं. मी सगळ्यांत पुढे, हातात घड्याळ. मागे वळून पाहतो तर मंडळी फलाटावरच!

इंजिनात पाणी भरणं चाललं होतं. छबी आईचा पदर धरून उभी.

"आई, याले तहान लागली?"

"हो."

"किती पेते?"

"पाहू ना."

इंजिनाचं पाणी झालं. मग त्याला कोळसा दिला. मग ते डबे सोडून एकटंच मागे गेलं, पुन्हा पुढे आलं. छबीने प्रत्येक वेळी त्याला हात केला, आणि ड्रायव्हरने एकदा खास तिच्यासाठी शिट्टी वाजवली. त्यानंतर तर तिला हलवणं शक्यच नव्हतं. संग्रहालय गेलं. आयफेल टॉवर गेला. राजवाड्याच्या वेळेला ती वहिनींच्या मांडीवर, फलाटावरच्या बाकावर गाढ झोपली. देवळात डॉक्टर एकटेच जाऊन नारळ फोडून आले.

परतीच्या गाडीत डॉक्टर विजयाने म्हणाले, "पाहिलं? नापास!"

"कोण नापास?" वहिनींनी विचारलं. "पोरगी दिवसभर रडली नाही, जेवली, झोपली, खूश हाये. चिडचिड तर मास्तरांनी केली. त्यांनाच ठेवा केळापूरले!"

*

गणिताचे राठोड मास्तर माझे सहकारी. जवळच्याच तांड्यावरचे, आणि टिंगल करण्यात पक्के. त्यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुखभर हिंडायचे. त्याला ते लदेणी म्हणतात. यवतमाळची हकीगत ऐकून ते पोटभर हसले. मग म्हणाले, "मास्तर, तुमचा बेत आमच्या आज्याले दाखवला असता, तर त्यानं तुम्हाले लदेणीच्या मागं, कुत्र्यासंगं चालवलं असतं."

"का?"

"तुमी गावं पहिले लिहिली आन चालणारे नंतर. आमचा आजा आधी बैल पाहे. सगळ्यात लहान बैल जिथं बसला, तिथं मुक्काम. गावाचं नाव मंग विचारायचं!"

मला पटलं, हे कबूल करायला जरा वेळ लागला. डॉक्टर मात्र भडकले. "राठोड मास्तर, माझ्या मुलीला बैल म्हणता?"

"नाही हो डॉक्टर! तिले एकटीलेच अक्कल हाये. बैल बाकीचे."

त्या दिवशी मी बेत पुन्हा मांडला. बोट. नेपल्सला उतरल्यावर एक पूर्ण दिवस काहीच न करणं. मग गाडी, पण दिवसाची. वाटेत दोन मुक्काम, दोन्ही स्टेशनाजवळ, कारण इंजिनं. मग मधूचं घर आणि तिथेच सगळी सुट्टी. परत बोट. रोम नाही, पॅरिस नाही, लंडन नाही. खोडरबराने शहरं पुसताना माझा हात जड झाला होता, पण बेत पहिल्यांदाच खरा वाटत होता.

डॉक्टरांनी तो वाचला आणि त्यांचा चेहरा त्या पोट धरून आलेल्या पेशंटसारखा झाला.

*

तरी मी हार मानली नाही. शहरं नसली तरी संस्कृती होतीच! मी छबीला जर्मन शिकवायला घेतलं. पहिला शब्द, 'डांके'. कोणी काही दिलं की म्हणायचं, डांके. छबीला शब्द फार आवडला.

कंपाउंडर बाबाराव आत औषधाच्या बाटल्या भरत होते. कामात असले तरी छबीला लिमलेटची गोळी द्यायचा त्यांचा नेम. त्यांनी गोळी तिच्या हातावर ठेवली, आणि छबी शिकवल्याप्रमाणे खणखणीत आवाजात म्हणाली, "डंख!"

बाबारावांच्या हातून बाटली सुटली. "कुठं? कुठं डंखला?" म्हणत त्यांनी छबीला उचलून टेबलावर उभं केलं, चप्पल काढली आणि कोपरे झोडपायला सुरुवात केली. दोन पेशंट बाकावर चढले. एकजण "इच्चू! इच्चू!" ओरडत बाहेर पळाला. डॉक्टर इंजेक्शनची सुई उकळायला धावले.

मी आत जाऊन समजावलं, "बाबाराव, ती आभार मानत होती!"

बाबाराव धापा टाकत म्हणाले, "असे आभार मानत असतीन, तर तिथं कोणी कोणाले काही देत नसन!"

*

शेवटी निकालाची संध्याकाळ आली. बोटीत जागा किती धरायच्या, ते तारेने कळवा, असा मधूचा निरोप होता, आणि तार करायची म्हणून पोस्टमास्तर स्वतः ओट्यावर येऊन बसले होते.

"बोला डॉक्टर. दोन की तीन?"

डॉक्टर माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमच्या या बेतात आता उरलं काय? बोट, गाडी आणि मेहुण्याचं घर! याला का युरोप म्हणायचं? लोक विचारतील, काय पाहिलं? मी काय सांगू, मेहुण्याचं स्वयंपाकघर पाहिलं?"

वहिनी दारात उभ्या होत्या. छबी त्यांच्या पायाशी बसून काड्यापेटीच्या डब्यांची गाडी ओढत होती. वहिनी एवढंच म्हणाल्या, "माझा युरोप तेवढाच हाये."

डॉक्टर येरझारा घालू लागले. त्यांनाही बायकोचं मन कळत होतं, पण रोम सुटत नव्हतं. पोस्टमास्तरांनी घसा खाकरून पुन्हा विचारलं, "दोन की तीन?"

ओट्याच्या टोकाला एक म्हातारी खोकल्याच्या औषधासाठी रिकामी बाटली घेऊन बसली होती. गावाकडची, आम्हा कोणाच्या ओळखीची नाही. बराच वेळ ऐकत होती बिचारी. तिने वहिनींना विचारलं, "कुठं चालली व बाई?"

"लय दूर, आजी. माझ्या भावाकडे."

"आन ही पोरगी?"

उत्तर डॉक्टरांनीच दिलं. "तिला न्यायचं की नाही, तेच तर ठरत नाही ना, आजी!"

म्हातारीने छबीकडे पाहिलं. मग डॉक्टरांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"भावाकडे, म्हंजे पोरगी मामाच्या गावाले चालली," ती म्हणाली. "मंग डॉक्टरसाहेब, तुमी कायले संगं जाता?"