दमेकऱ्यांच्या नळ्या-बाटल्या

फ्रीजरमधल्या नळ्यांना निदान नंबर असतात. डोक्यात साठलेल्या किश्शांना तेही नाहीत, त्यामुळे एक काढायला गेलं की चार बाहेर पडतात!

मी लॅब टेक्निशियन. तीन वर्षं पेण-रोह्याच्या गावांतून सीओपीडीच्या पेशंटांचं रक्त आणि सकाळची पहिली लघवी गोळा केली. बिडीच्या नाहीतर चुलीच्या धुरानं होणारा हा फुफ्फुसाचा आजार. गावात त्यालाही दमाच म्हणतात. फुफ्फुस किती सुजलंय, किती झिजतंय, याच्या खुणा रक्त-लघवीत सापडतात का, हे आमच्या डॉक्टर मॅडम शोधत होत्या.

धरमतरकडचे गोमाकाका मिठागरावर जन्म काढलेले. बाटली दिली तर म्हणाले, "दम हाय छातीत, नि ही कशाला?"

मॅडमनी समजावलं, "फुफ्फुसाचा लवचिक भाग तुटला की त्याचे बारीक कण रक्तातून लघवीत उतरतात."

काका एकदम गंभीर. "म्हणजे इतकी वर्षं मी बांधावर उभा राहून फुफ्फुस सांडतोय व्हय!"

एकदा कोलाडचं शिबिर आटपून एसटीनं पेणला येत होते. मांडीवर थर्माकोलचा डबा, आत बर्फ. शेजारच्या बाई डब्याकडे बघून बघून शेवटी म्हणाल्या, "पापलेट कशी दिलीत गो?"

"मावशी, यात रक्त नि लघवी आहे."

पेण येईपर्यंत अख्खी सीट मला! एसटी इतकी भरलेली, तरी कुणी बसलं नाही.

पेणचे एक मूर्तिकार होते. बाटलीवरचा नंबर ओल्या हातानं पुसट झाला, म्हणून त्यांनी तो स्वतःच ब्रशनं रंगवला. नुसता रंगवला नाही. भोवती वेलबुट्टी, कडेला सोनेरी रेघ! मी बघतच राहिले. तर ते ओशाळून म्हणाले, "घाई झाली हो ताई. एरवी आणखी फिनिशिंग केलं असतं."

रोह्याकडचे बाळारामभाऊ भातशेतीवाले. "बिडी सोडली, देवाशपथ!" असं दर वेळी सांगायचे. मॅडम म्हणाल्या, "छान. तंबाखूची खूण दोन-तीन दिवस लघवीत राहते, तीही तपासू."

दुसऱ्या दिवशी भाऊंनी बाटली आणून दिली. चेहऱ्यावर भलताच आत्मविश्वास. रिपोर्ट आला तर तंबाखूची खूण भरपूर!

भाऊ उसळले. "शक्यच नाय! ती बाटली तर हौसाची हाय!"

बायको हौसाबाई शेजारीच बसलेली. तिनं हळूच पदर तोंडाला लावला. बाई गेली वीस वर्षं चोरून दातांना तंबाखूची मशेरी लावत होती! दोघंही एकमेकांकडे बघेनात. मॅडमनी दोघांनाही एकेक नवी बाटली दिली.

आणि रोह्याजवळच्या अष्टमी गावापुढच्या वाडीतल्या यशोदाबाई. बिडीला कधी हात लावला नाही, पण चाळीस वर्षं चुलीपुढे. चार पावलं चालल्या की धाप लागायची. नवरा दामूअण्णा म्हणायचे, "कामाचा कंटाळा. सोंग करते."

फुंकायच्या मशीनवर आकडा फार कमी आला. तरी अण्णा म्हणतात, "मुद्दाम हळू फुंकते! माझ्यावर वरडताना बघा हिचा दम!"

यशोदाबाईंनी माझ्यापुढे हात केला. "रक्त काढ गो बाय. त्याला तरी सोंग येत नसंल."

रक्तात सुजेची खूण बरीच वाढलेली निघाली. मॅडमनी अण्णांना समोर बसवलं. "नुसत्या या आकड्यावर निदान होत नाही. पण धाप, मशीन आणि रक्त, तिन्ही एकच सांगतायत. यांना दम खरोखर पुरत नाही. आता यांनी चुलीपुढे बसायचं नाही."

यशोदाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "घरात आजवर कुणाला खरं वाटलं नव्हतं."

तीन महिन्यांनी दोघं पुन्हा तपासणीला आले. यशोदाबाई जरा टवटवीत, धापही कमी. मागून अण्णा, डोळे लाल, मिशी एका बाजूनं करपलेली. मी यशोदाबाईंसाठी सुई काढतेय, तोवर अण्णाच खुर्चीत बसले आणि बाही वर केली.

"ताई, तीन महिने भाकऱ्या मी थापतोय. आधी माझं रक्त घ्या!"